निकेत तांडेलला सवड नाही

मालवणच्या दांडी किनाऱ्यावर कुणी कुणाला खरी मासळी सांगत नाही. होडी काठोकाठ भरून आली तरी रामचंद्र तांडेल विचारणाऱ्याला म्हणायचे, "काय नाय रे, चार बांगडे." त्यांची बायको गोदूबाई बाजारात अख्खी पाटी खपवून "आज गिऱ्हाईकच नाय" असं कण्हत घरी यायची. खरं सांगितलं की दृष्ट लागते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी गावभरची जाळी पडतात. विचारणाऱ्यालाही हे पाठ असे. "चार बांगडे" ऐकून त्याला काय समजायचं ते समजे, आणि तोही निमूटपणे होडी बाहेर काढे.

अशा घरातला निकेत मुंबईच्या एका छापखान्यात फोटो साफ करायला शिकला आणि २००६ साली संगणक घेऊन दांडीवर परतला. परदेशी दुकानांचे कॅटलॉग असतात. त्यातल्या खुर्च्या-दिव्यांच्या मागचं सगळं पुसून पांढरं करायचं, हा त्याचा धंदा. साहेब नाही, हजेरी नाही, काम इंटरनेटवरून येणार आणि इंटरनेटवरूनच जाणार. शेजारची सत्यवती मुलाबद्दल विचारी, "झील करता काय गो दिवसभर?" गोदूबाई सांगे, "कंपुटरात बसान खुर्चे कापता. चार-दोन गावतत कापूक." यापलीकडे या धंद्याचं वर्णन कुणाला जमलं नाही, निकेतलाही नाही.

कामाच्या शोधात तो अशाच एकांड्या कारागिरांच्या एका फोरमवर जाऊन पोचला. जगभरचे लोक तिथे जमत. नव्या माणसाने दारातच आपली ओळख द्यायची आणि काम कसं चाललंय ते सांगायचं, अशी रीत होती. निकेतने वडिलांना स्मरून लिहिलं, "काम कसलं, चार फोटो आहेत." खरं तर त्या आठवड्यात त्याला जेवायला फुरसत नव्हती. पण दांडीवरच्या माणसाने आणखी काय लिहायचं?

फोरमवर हाहाकार उडाला. मनिलाच्या एका बाईने त्याच्यासाठी मेणबत्ती लावली. कॅनडातल्या एका गृहस्थाने स्वतःवर विश्वास कसा ठेवावा हे सात परिच्छेदांत समजावलं. शेवटी एका जुन्याजाणत्याने खाजगीत कान पकडला: बाबा रे, इथे गिऱ्हाइकंही वाचायला येतात, रिकामा माणूस कुणाला नको असतो. इथे प्रत्येकजण कामात बुडालेला असतो, तूही बूड.

निकेत बुडाला. "दिवाळीपर्यंत श्वास घ्यायला सवड नाही," "काल तीन कामं परत पाठवली," असं तो लिहू लागला. पुढे पुढे नवागतांचं स्वागत करण्याचं खातं त्याने आपण होऊन अंगावर घेतलं. कुणीही आलं की निकेतचा लांबलचक निरोप हजर: ये, बस, आमच्या कुटुंबात तुझं स्वागत आहे, माझी खोली समुद्राकडे तोंड करून आहे, काम इतकं आहे की लाटा बघायला वेळ नाही. खोली समुद्राकडे तोंड करून होती हे खरं. खिडकीत सुकत घातलेला सुंगटांचा, म्हणजे कोलंबीचा, सोडा बाजूला केला की समुद्र दिसायचाही. फोरमने त्याच्या नावापुढे पाच तारे लावले. ज्यांच्याकडे खरोखर काम होतं ते लोक तिथे महिनोन्‌महिने फिरकत नसत. ही गोष्ट निकेतच्या लक्षात आली होती, पण पाच ताऱ्यांचा माणूस असल्या क्षुल्लक बाबी मनावर घेत नाही.

२००८च्या उन्हाळ्यापर्यंत स्वागतं वाढली आणि खुर्च्या आटल्या. रामचंद्रांनी शांतपणे सांगून टाकलं, "भिकाजीमामान रेडीच्या बंदरार तुझ्यासाठी जागा धरून ठेवल्यान हा. नारळी पुनवेपर्यंत तुझा काय ता बघ, नायतर थंय जा." रेडीला बोटीत लोहखनिज भरतात. तिथे लाल धुळीत उभं राहून आलेले ट्रक वहीत लिहायचे, ही ती जागा. निकेतला त्या नोकरीचं नावही नको असे. त्याला आपलं घर, आपला संगणक आणि आपली मर्जी सोडायची नव्हती. त्याची सगळी भिस्त मेलबर्नच्या एका फर्निचरवाल्या बाईंवर होती. दरवर्षी ऑगस्टमध्ये त्यांचा जाडजूड कॅटलॉग निघे आणि त्यावर निकेतचं वर्ष निघे.

जुलैत फोरमवर योगिनी नावाची मुलगी आली. नांदगावची, म्हणजे आपल्या कणकवलीकडची, आणि कामही हेच करणारी. निकेतच्या अंगात वारं संचारलं. त्याने तिचं असं स्वागत केलं की तसं कुणा मंत्र्याचंही होत नसेल. "मी तर दिवाळीपर्यंत भरलोय," त्याने सगळ्यांदेखत लिहिलं, "पण ही मुलगी गुणी आहे, हिचे नमुने पाहा." तिचे नमुने खरोखरच चांगले होते.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मेलबर्नहून मेल आलं. बाईंनी फार मायेने लिहिलं होतं. तुम्ही किती व्यग्र आहात ते फोरमवर वाचलं, तुमच्यावर आणखी भार टाकणं जिवावर आलं, म्हणून तुम्ही शिफारस केलेल्या योगिनीलाच कॅटलॉग दिला. तुमच्या मोठ्या मनाचं कौतुक वाटतं. निकेतने मेल चारदा वाचलं आणि मोठं मन घेऊन दुपारभर पडून राहिला.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी फोन वाजला. फोरमवर तो रुबाबात आपला नंबर देत असे, त्यावर योगिनीने केला होता.

"निकेतदादा, काम खूप आसा रे. एकटीक झेपना. अर्धा तू घेशीत? पण तुका सवड खंय असतली."

निकेत ताडकन उठून बसला. देव दारात आला होता. "आसा गो सवड," तो म्हणाला. "माझ्याकडे काय एक काम नाय."

पलीकडून खळखळून हसू आलं. "तू दांडीचो ना? आमच्या बाजारात मालवणची मासेवाली येता. पाटयेत सुरमई उड्या मारता तरी 'मासो खंय गो बाय' म्हणता. तुमचा 'काय नाय' म्हणजे होडी बुडाक इली असतली."

"नाय गो, खरा सांगतंय. रिकामोच आसंय."

"ती पण असाच सांगता, गळ्याची शपथ घेऊन. माका वाईट वाटात म्हणान हो म्हणतंस. तुझे सगळे मेसेज वाचलंय मी."

आता एकच वाक्य उरलं होतं: ते सगळे मेसेज थापा होत्या. निकेतने तोंड उघडलं. समोर पडद्यावर त्याचे पाच तारे चमकत होते, आणि ही पोर त्याला दादा म्हणत होती.

"बघतंय," तो म्हणाला. "दिवाळीनंतर बघूया."

"माका म्हायत होता," योगिनी म्हणाली. "मी दुसऱ्या कोणाक तरी विचारतंय. तू जिवाक सांभाळ हां."

दुसऱ्या दिवशी दांडीवर समुद्राला नारळ वाहिला गेला, आणि त्याच्या पुढच्या दिवशी निकेत रेडीच्या एसटीत बसला. जाण्याआधी त्याने फोरमवर निरोप टाकला, की आपण आता बंदर आणि जहाजवाहतुकीच्या क्षेत्रात उतरत आहोत, कार्यालय समुद्रकाठी आहे. सत्तावीस जणांनी अभिनंदन केलं. मनिलाच्या बाईने पुन्हा मेणबत्ती लावली.

दुपारी बाजारात सत्यवतीने गोदूबाईला विचारलं, "झील खंय गेलो गो? खुर्चे संपले?"

गोदूबाईने पाटीतल्या बांगड्यांवर पाणी मारलं. उभ्या जन्मात तिने कुणाला खरी मासळी सांगितली नव्हती, आणि होती त्याहून जास्त तर कधीच नाही.

"संपतले कित्याक?" ती म्हणाली. "खूप होते. एवढा काम, एवढा काम, एकट्याक झेपाना. शेवटाक एका चेडवाक देवन टाकल्यान आणि गेलो."

सत्यवतीने आपली पाटी जरा सरकवली आणि गोदूबाईला सावलीत जागा करून दिली.