दोनशे चारमधला पाहुणा

या सदरातले अनुभव मी आजवर चहाबरोबर वाचले आणि मनसोक्त हसलो. घरात सगळे शिक्षक नाहीतर कारकून, भूतखेत आमच्या दाराशी कधी फिरकलंच नाही. तेव्हा तुम्हीही खुशाल हसा... पण आधी ऐका.

भिवंडीच्या वडप्याजवळ हायवेला लागून एक हॉटेल आहे. नाव सांगत नाही. मी तिथे फ्रंट ऑफिस मॅनेजर होतो. शेठनी रिसेप्शनमागे जुन्या बंदराचं भलंमोठं चित्र लावलं होतं – 'ऐतिहासिक भिवंडी'! लोनाडच्या लेण्यांच्या टूरचं पॅकेजही छापलं होतं. टुरिस्ट मात्र औषधालाही नाही. येणारे सगळे गोडाऊनचे ऑडिटर आणि सुताचे व्यापारी. संध्याकाळी यायचे, सकाळी डासांना आणि ट्राफिकला शिव्या घालत जायचे. बाकी खोल्या रिकाम्या.

शेठना हॉटेल मुंबईच्या एका पार्टीला विकायचं होतं, आणि पार्टीला ऑक्युपन्सी, म्हणजे किती खोल्या भरलेल्या असतात ते, बघायची होती.

"रिकाम्या रूम भरून टाक," शेठ म्हणाले.

"माणसं कुठून आणू?"

"माणसं कशाला? नावं टाक. बांधकामावरच्या मजुरांची आधारकार्डं पडलीत ना फाइलमध्ये? तीच चढव."

शिसारी आली. पण पोटापाण्याची नोकरी... चढवली नावं. दोनशे चार नंबरचं बाथरूम पहिल्यापासून गळायचं. प्लंबर येऊन थकले. ती खोली आम्ही कुणालाच देत नसू. तिथे कुणी लक्ष्मण टाकला. चेक-इन केलं, चेक-आउट करायचंच नव्हतं. दार उघडायचं कार्डसुद्धा बनवलं नाही.

दोन-तीन दिवसांनी दुपारी हाउसकीपिंगची जनाबाई खाली आली. मागच्या डोंगरातल्या आदिवासी पाड्यावरची, शब्दाला महाग बाई.

"साहेब, दोनशे चारात कोन उतरलाय? लई घाण करून ठेवलीय."

सगळी दारं उघडणारं मास्टर कार्ड घेऊन वर गेलो. दार उघडलं आणि तोंडावर रुमाल धरला. पांढऱ्या चादरीवर बोंबलाचे काटे, उशीवर चिकटलेली भाताची शितं, त्यावर घोंघावणाऱ्या माश्या. टेबलाच्या कडेला तंबाखूचा चुना पुसलेला. टॉवेल सिमेंटने माखून कडक झालेला. बेसिनकडे धावलो, तर बेसिनमध्ये ओलं सिमेंट. तिथेच ओकलो.

जनाबाईने खोली घासूनपुसून लख्ख केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कॅमेऱ्यात बघितलं – त्या दारातून फक्त जनाबाई आत-बाहेर, ट्रॉली घेऊन.

शेठनी लॉबीत, सगळ्यांसमोर तिला उभं केलं. "पाड्यावरचे लोक आणून झोपवतेस ना? संध्याकाळपर्यंत कबूल हो, नाहीतर चालायला लाग!"

शेठ गेल्यावर ती माझ्या काउंटरला धरून उभी राहिली. "माझा धनी मेला, पोरगी मुरबाडला दिली. मी कुनाला आनू, साहेब? ही ड्युटी गेली तर खाऊ काय?"

सिमेंटने माखलेला टॉवेल आठवला आणि मला एकदम शंका आली, तिचा धनी बांधकामावर तर नव्हता? नवऱ्याचं नाव ती घेणार नाही हे ठाऊक होतं. दोनशे चारच्या एंट्रीतला आधारकार्डाचा फोटो उघडला आणि स्क्रीन तिच्याकडे वळवली.

तिने पदराने स्क्रीन पुसली. "धनी हायत माझे... हितंच लाद्या बसवायला व्हते. मंग खोकल्यानं गेले." मग म्हणाली, "बोलवनं आल्याबिगर कुनाच्या दारात जायाचे न्हाय ते. हाटेल उघडलं त्या दिशी धुतलेला सदरा घालून घरच्या ओट्यावर बसून व्हते. शेठ बोलवतील म्हनून. कुनी बोलवलं न्हाय."

मी एंट्री खाली सरकवली; चेक-आउटचा रकाना रिकामा होता.

"तुमी नाव घेऊन बोलवलंत. आमच्यात पितरांना नावानं बोलवतात, जेवू घालतात, मंग येशीपरेत पोचवतात. तुमी पोचवलंच न्हाय."

मी चेक-आउट दाबलं. जनाबाई लॉबीतल्या रिकाम्या सोफ्यासमोर हात जोडून उभी राहिली. "जेवलात ना? चला आता. निघा." काही हललं नाही, काही वाजलं नाही. मागे पाड्याची वेस दिसते तिथवर ती एकटीच चालत गेली आणि परत आली.

मी शेठना सगळं सांगितलं. ते हसले! "मेलेला असला म्हणून काय झालं? पार्टी काय बघायला जातेय?" आणि तिला संध्याकाळी काढलंच.

सकाळी दोनशे चार उघडली. पलंग स्वच्छ. बाथरूम कोरडं ठाक. लाद्यांच्या सांध्यांमध्ये ताजं सिमेंट भरलेलं, आणि खिडकीखाली जिथून पाणी झिरपायचं तिथे अंगठ्याने दाबून बसवलेला गिलावा. आम्ही कुणालाही बोलावलं नव्हतं. कॅमेऱ्यात कुणीही नव्हतं.

दुपारी पार्टी आली. शेठनी त्यांना थेट तीच खोली दाखवली. "बघा, आपलं काम कसं पक्कं असतं!" त्या भिंतीवर ते हाताने थोपटत होते. खोलीत काटा नव्हता की माशी नव्हती, तरी मला पुन्हा ओकारी आली. त्याच दिवशी राजीनामा दिला.

आता मी कशेळीला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात आहे. जनाबाई वडप्याच्या गोडाऊनमध्ये पॅकिंग करते. एकदा भेटली, तेव्हा मी विचारलं, ते सिमेंट कुणी लावलं असेल? "अर्धं काम ठेवायचे न्हाय ते," एवढंच म्हणाली. 

हॉटेल विकलं गेलं. नव्या मालकांनी पुन्हा थाटात उद्घाटन केलं, मांडव घातला, सगळ्या गावाला जेवण दिलं म्हणे.

पाड्यावर बोलावणं गेलं नाही.