मोटार वर घ्या

ती लायब्ररी, म्हणजे आपल्या प्रोग्रामला जोडायचा आयता तुकडा, वापरायला सोपी आहे, असं तिच्या माहितीच्या पानावर पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, आणि ती खरंच सोपी निघाली. म्हणूनच तो प्रसंग आठवला की आजही माझं डोकं फिरतं. अवघड काम फसलं असतं तर मी गप्प बसलो असतो.

ताईचं शेत उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी. तिथे काठावरच्या मोटारीला सारखं पाण्यामागे फिरावं लागतं. पाणी ओसरलं की मोटार आणि पाइप खाली न्यायचे, चढलं की वर ओढायचे. पावसाळ्यात तर वर घाटाकडे धो धो कोसळतो आणि इकडे थेंब नसतो. केळी तहानलेली असते आणि तेव्हाच मोटार बुडायच्या बेतात असते.

धरणाची पातळी रोज जाहीर होते, पण भल्यामोठ्या तक्त्यात. ताईला त्यातलं एकच हवं असायचं, मोटार हलवायची की नाही. एका रविवारी शुक्रवार पेठेतल्या माझ्या खोलीत बसून मी छोटा प्रोग्राम लिहिला. तो तक्ता वाचायचा, त्याच्या दोन साध्या मराठी ओळी करायचा आणि नेटवर नुसता मजकूर ठेवायची जी फुकट जागा असते, तिथे टाकायचा. तिथे चित्र नाही, जाहिरात नाही, त्यामुळे रेंजची एक काडी असली तरी पान उघडतं. ते टाकायचं काम लायब्ररीचं. तिला मजकूर दिला की ती पानाची लिंक आणि ते पान बदलायचा कोड परत द्यायची. दुसऱ्या दिवशी त्याच पानाचा कोड आणि नवा मजकूर दिला की आतलं बदलायचं, लिंक तीच राहायची. सगळं मिळून चार ओळींचं काम. ‘पाणी स्थिर आहे. मोटार आहे तिथेच राहू द्या,’ हे मी माझ्याच फोनवर पहिल्यांदा वाचलं तेव्हा खोलीत एकटाच हसलो.

गाव ताईच्या सासरचं, त्यामुळे तिथल्या व्हॉट्सअॅप ग्रुपात मी नव्हतो. ग्रुपचा अॅडमिन म्हणजे गावचा होऊ घातलेला पुढारी. त्याला फोन करून लिंक दिली आणि ती कायम वर लावून ठेवा म्हणून सांगितलं; ताईही ती तिथेच बघणार होती.

“पाव्हणं, लई भारी काम केलं की तुमी,” तो म्हणाला. “आजच लावतो.”

लावली, आणि दोन दिवसांत काढूनही टाकली. का, तर त्या पानावर त्याचा फोटो नव्हता! मग तो रोज माझं पान उघडायचा, त्यातल्या दोन ओळी मोडनिंबच्या एका दुकानात पाठवायचा आणि तिथून ग्रुपवर टाकायला बॅनर करून घ्यायचा. वर तीन मोठे पुढारी, खाली हात जोडलेला हा, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत पाण्याची बातमी. दुकानदाराला सवड झाली की बॅनर व्हायचा, म्हणजे आजचं पाणी लोकांना उद्या दुपारी कळायचं. मला कुणी सांगितलं नाही. ताईला वाटलं, भावानेच हे असं केलंय.

ऑगस्टातल्या एका दिवशी पान चोख बदललं: ‘पाणी वेगाने चढतंय. आजच मोटार वर घ्या.’ मी दुपारी ऑफिसात डबा खाताना ते पाहिलं आणि निश्चिंत झालो. ग्रुपवर त्याच वेळी आदल्या दिवशीचा बॅनर झळकत होता, मोटार आहे तिथेच राहू द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईचा फोन आला. “मोटार दिसंना रे. पानी पार बांधापत्तूर आलंय.”

लिंक कधीच निघाली होती आणि तिच्या जागी बॅनर येत होते, हे मला तेव्हा तिच्याकडून कळलं. मी मोटारसायकल काढली. पोचलो तर ताई काठावर दोर घेऊन उभी, आणि इस्त्रीचे पांढरे कपडे घातलेला अॅडमिन फोन सरसावून तिला सांगतोय, “वैनी, जरा हितं या. नुकसानीची पाहनी म्हनून टाकतो.”

“लिंक का काढली?” मी ओरडलोच.

“पाव्हणं, नुसत्या अक्षराला कोन इचारतंय? काम कुनी केलं ते दिसाय नको व्हय?”

माझा हात उठणार होता. ताईने मध्ये येऊन दोराचं टोक त्याच्यापुढे धरलं. “दिसू द्या की मग. धरा ह्ये. उतरा पान्यात.”

“कार्यक्रमाला जायाचं हाय वैनी, कपडे...” तो दोन पावलं मागे सरकला. त्याच्याशी भांडायला वेळ नव्हता. ताई साडी खोचून छातीएवढ्या पाण्यात गेली, मी तिच्या मागे, आणि चिखलाने भरलेली ती मोटार आम्ही दोघांनी कशीबशी ओढून काढली. मागे वळलो तेव्हा तो निघून गेला होता.

मोटार दुकानातून नवी तार भरून येईपर्यंत पाऊस आला नाही. बांधाकडच्या केळीने माना टाकल्या, त्या पुन्हा उचलल्या नाहीत. ताई एकदाही रडली नाही, आणि त्याचाच मला जास्त संताप आला.

तो काठावरून फोटो काढून गेला होता. छातीएवढ्या पाण्यात दोर ओढणारी माझी बहीण, तिच्या डोक्यावर तीन पुढारी, बाजूला हात जोडलेला हा, आणि खाली ठळक अक्षरांत ‘आम्ही सदैव आपल्या पाठीशी’. हा बॅनर मात्र ग्रुपवर त्याच दिवशी आला होता, आम्ही अंगावरचा चिखल धुवायच्या आत.