डेकवरचं गुरुवारचं सूप

उसळीसाठी पिवळे वाटाणे शिजायला लागले की त्या वासाने मला डब्लिनमधला तो थंडीतला गुरुवार आठवतो. शेजारच्या स्वीडिश आजी हॉस्पिटलमधून घरी येऊन चार दिवस झाले होते आणि चहाखेरीज काही घेत नव्हत्या. त्यांना फक्त त्यांच्या आईच्या हातचं गुरुवारचं सूप हवं होतं, पिवळ्या वाटाण्यांचं, खारवलेलं डुकराचं मांस घातलेलं. मी यादी केली, सामान आणलं. पुण्याहून आलेल्या सासूबाई पिशवी बघून म्हणाल्या, "अगं, आज गुरुवार! तुझा उपवास!" "म्हणूनच आज," मी म्हटलं. पूर्वी आजींच्या देशात शुक्रवारी उपवास असायचा, म्हणून लोक आदल्या दिवशी हे पोटभर खाऊन घ्यायचे. उपवास केव्हाच बंद पडले, सूप मात्र राहिलं. "ते काही असो, या घरात मांस शिजायचं नाही." "बरं, घरात नाही," म्हणत मी घरामागच्या लाकडी डेकवरचा बर्फ झाडला, कॅम्पिंगची शेगडी मांडली आणि कोट चढवून दोन तास ढवळत उभी राहिले. शेवटी सासूबाईंनीच काचेचं दार सरकवलं. "मीठ कोण बघणार? तू तर चाखणार नाहीस." मी अंदाजाने घातलं. आजी पहिल्या घोटाला "मीठ कमी आहे" म्हणाल्या आणि वाडगा पुसून संपवला. आता त्या नाहीत. माझ्या फ्रिजवरच्या आठवड्याच्या जेवणाच्या यादीत मात्र गुरुवारसमोर अजून दोन्ही आहेत: मला उपवास, घरच्यांना डेकवरचं सूप. कुणाला पटत नसेल तर पेन शेजारीच लटकवलंय, खोडून दाखवावं.