कन्यादानाचा एक फोटो

शिरूरच्या एसटी स्टँडमागं माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि शेजारच्या गाळ्यात बिरदेवचा फोटो स्टुडिओ. माणूस तसा अबोल, पण कॅमेऱ्याचा विषय निघाला की तोंडाला खळ नाही. धंद्यात नवे आलेले लोक त्याला विचारायला यायचे, "मामा, कुठला कॅमेरा घ्यावा?" बिरदेव आधी त्यांना बाकड्यावर बसवायचा.

"हे बघा, कार्यालयात उजेड पिवळा, त्यात वरनं लाल-निळं दिवं. तशातबी नवरीचा चेहरा नवरीचाच दिसला पाहिजे. कार्डं दोन पाहिजेत, एक मेलं तर दुसरं. हळद, भंडारा आत शिरून बंद पडाय न्हाई पाहिजे. आन् जड पाहिजे."

"जड कशाला?" मी मुद्दाम विचारायचो.

"हलका आसला की करवल्या कोपरानं बाजूला सारत्यात. जड बघितला की वाट देत्यात."

असा जड कॅमेरा त्यानं सात वर्षांपूर्वी घेतला आणि शिरूर-दौंडमधली निम्मी लग्नं त्यानंच काढली असतील. आईबाप मेंढरांमागं हिंडले आणि हा नवरा-नवरीमागं हिंडतोय, असं त्याची बायको गिताबाई म्हणायची. ते काही खोटं नव्हतं.

यंदा त्याच्या लेकीचं, प्रगतीचं, लग्न राहू गावच्या मुलाशी ठरलं. हल्ली लग्नात पडद्यावर मुलीचे लहानपणापासूनचे फोटो दाखवायची टूम निघाली आहे. ते निवडायला आम्ही दोघं एका दुपारी बसलो. बारसं, शाळेचा पहिला दिवस, पाबळला वेल्डिंग शिकताना डोळ्यांवर काळा चष्मा लावलेली प्रगती. फोटोंना तोटा नव्हता. गिताबाई बऱ्याच फोटोंत होती. बिरदेव मात्र एकातही नाही. तेवीस वर्षांत बापलेकीचा एकत्र असा एक फोटो नव्हता. असणार कसा? काढणारा तोच.

मी हसलो. तो हसला नाही, तेव्हा मला ओशाळल्यासारखं झालं.

"कन्यादानाचा एक पाहिजे," तो म्हणाला. "मी आन् ती. बाकी एक न्हाई आला तरी चालंल."

त्यासाठी त्यानं दौंडच्या रविराजला बोलावलं. रविराज सहा वर्षं त्याच्याच हाताखाली तयार झालेला, आता स्वतःचा स्टुडिओ असलेला, दोन मुलांचा बाप. बिरदेवनं आपला कॅमेरा त्याच्या गळ्यात अडकवला आणि त्या एका फोटोचं तीनतीनदा बजावलं.

न्हावरे-केडगाव रस्त्यावरच्या एका कार्यालयात लग्न लागलं. आता आमच्याकडच्या लग्नांबद्दल काय सांगावं? लग्न नावाला, सत्कार गावाला. शाल, फेटा, नारळ. ज्याचा सत्कार राहिला तो पुढची पाच वर्षं बोलत नाही, आणि ज्याच्या सत्काराचा फोटो निघाला नाही त्याचा सत्कार झालाच नाही असं धरतात. 'नवरी उद्याबी हसंल, पुढारी थांबायचा न्हाई,' हे बिरदेवनंच रविराजला शिकवलं होतं.

अक्षता पडल्या. कन्यादान सुरू झालं. बिरदेवच्या ओंजळीत प्रगतीचे हात होते आणि गिताबाई वरून तांब्यानं पाण्याची धार धरत होती. नेमके तेव्हाच बापूसाहेब आले, कुठल्याशा कारखान्याचे माजी संचालक. निवेदक माइकवरून गरजला, "फोटोग्राफर, स्टेजच्या डाव्या बाजूला या."

रविराजनं एकदा इकडं पाहिलं, एकदा तिकडं पाहिलं आणि वळला. व्हिडिओवाला त्याच्या मागोमाग. पाहुण्यांचे मोबाईलसुद्धा बापूसाहेबांकडं वळले. माझा मोबाईल बायकोच्या पर्समध्ये आणि बायको पार मागं, बायकांच्या गर्दीत.

बिरदेवला हे सगळं दिसत होतं. भटजींचे मंत्र चालू, त्यामुळं हाक मारता येईना. लेकीचे हात हातात, त्यामुळं जागचं हलता येईना. धार संपेपर्यंत तो रविराजच्या पाठीकडं बघत राहिला. मला त्याची दया आली, रागही आला, पण राग नक्की कुणाचा आला हे मला अजून सांगता येत नाही.

रविराज परत आला तेव्हा तांब्या रिकामा झाला होता. त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "मामा, चुकलं माझं. परत हात धरा, आपण घिऊ."

बिरदेवनं आजवर किती बापांना असे परत हात धरायला लावले असतील, गणती नाही. त्यानं मुकाट्यानं धरले. गिताबाईनं रिकामाच तांब्या वाकडा केला. अकरा फोटो निघाले.

चार दिवसांनी त्यानं मला स्टुडिओत बोलावलं. प्रगतीचा राहूहून फोन आला होता, आप्पा, आपल्या दोघांचा फोटो पाठवा, भिंतीवर लावायचाय म्हणून. कॉम्प्युटरवर अकराही फोटो उघडलेले होते. रंग चोख, उजेड बरोबर, कुठं हललेलं नाही. आणि अकराही फोटोंत बिरदेव कॅमेऱ्याकडं बघत होता. एकात मान तिरकी करून वरच्या दिव्याचा अंदाज घेत होता. एकात ओठ उघडे होते, बहुतेक रविराजला खाली बस म्हणत असावा.

प्रगती मात्र पहिल्यापासून शेवटच्या फोटोपर्यंत बापाच्या तोंडाकडं बघत होती. डोळे भरलेले होते.

"पाठव की यातला एखादा," मी म्हणालो. "चांगले आलेत."

"ती माझ्याकडं बघत हुती व्हय," बिरदेव म्हणाला. "मला हे हितं बसल्यावर दिसलं."