मळ्याच्या कोपऱ्यातला कोरा दगड

मेल्यावर आपलं शरीर कोणाच्या हाती जावं, हे तुम्ही कोणाला लिहून दिलं आहे का? मी दिलेलं नव्हतं, आणि ज्यानं माझ्याकडे असं लिहून मागितलं त्यालाही दिलं नाही. वाशीमचे तुळशीराम माळी जाऊन आता सहा आठवडे झाले. मी त्यांना मामा म्हणत असे. अकोल्याच्या एका छापखान्यात समतेवरच्या पत्रकाची मुद्रितं तपासत बसलो होतो, तेव्हा वाशीमहून आलेल्या मोटारीच्या ड्रायव्हरनं कापड दुकानदार माणकचंदजींची चिठ्ठी हातात दिली. मामा गेले, लवकर निघा. निघालो, वाटेत मेडशीजवळ मोटार बंद पडली, आणि मामांच्या मळ्यात पोचलो तेव्हा सारं आटोपून लोक आंघोळी करून परतले होते…

मामांच्या विहिरीजवळ निंबाखाली कोणा फिरस्त्या साधूच्या पादुका आहेत. दर गुरुवारी तिथं भजन चाले. माळी, महार, कापसाच्या जिनातले हमाल, माणकचंदजींसारखे जैन दुकानदार, सारे एका चटईवर. ढोलकी रामदिन वाजवी. तो नर्मदेपलीकडून पोटासाठी आलेला हमाल. पटकीनं मेला तेव्हा त्याची जात कोणती हे कोणालाच सांगता येईना, म्हणून त्याला कोणत्याच जातीच्या मसणवट्यात जागा मिळेना. मामांनी वांग्यांचा अर्धा वाफा उपटला आणि तिथं त्याला मूठमाती दिली. "लाकडं ज्याची त्याची, माती साऱ्यायची," एवढंच बोलले. पुढं मंडळीतले आणखी चौघे त्याच कोपऱ्यात निजले. नियम एकच, तोही तोंडी: आपल्यातलं कोणी गेलं की साऱ्यांनी खांदा द्यायचा.

मी एकदा वाचनालयातल्या जाडजूड इंग्रजी इतिहासात प्राचीन ग्रीस देशाबद्दल वाचलं आणि गुरुवारी मळ्यात ते सांगितलं. तिथल्या बंदरांत परमुलखातून आलेले खलाशी, व्यापारी, गुलामसुद्धा आपापल्या देवाच्या नावानं मंडळ्या काढीत. काही मंडळ्यांची स्वतःची जागा असे, सभासदाला तिथंच पुरीत, आणि जागेच्या हद्दीवर मंडळीचं नाव कोरलेला दगड रोवीत. प्रेतयात्रेला न येणाऱ्याला कुठं कुठं दंडही होई. मामा मेथीच्या जुड्या बांधत ऐकत होते. म्हणाले, "मंग तं थे आपलेच लोक हायेत." जरा वेळानं त्यांनी विचारलं, ती माणसं तर केव्हाच गेली, मग हे सारं तुम्हाला कळलं कसं? मी सांगितलं, मंडळ्या बुडाल्या, देवळं पडली, पण दगडांवरची अक्षरं राहिली.

पुढच्या गुरुवारी विहिरीवरच्या मोटेच्या धावेवरचा, बैलांच्या वाटेतला, एक मोठा दगड त्यांनी कोपऱ्याच्या हद्दीवर आणून टाकलेला होता. "पत्रकवाले, अक्षरं तुमी द्या. अन् एक कागदबी करा. मले याच मातीत ठेवा मनून. मी अंगठा देतो. भावकी कोनाचं आयकत नाही, कागदाचं आयकते."

मी होकार दिला आणि मोठ्या उत्साहानं कामाला लागलो. पण मला नुसता कागद करायचा नव्हता, मंडळीची घटना लिहायची होती. तिला प्रस्तावना हवी होती, मनुष्यमात्राच्या समानतेवर. ती तीनदा लिहिली, तीनदा फाडली. मधल्या काळात मी विहिरींवर, देवळांवर, शाळांवर पत्रकं काढली, किन्हीराजाच्या बाजारात ती वाटली. मामा भेटले की विचारीत, "साऱ्या दुनियेचं लिवून राह्यले, आपलं कधी लिवता?" आणि हसत. शेवटच्या भेटीत त्यांनी विचारलं नाही. खोकत होते. माझ्या पिशवीत सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी घातली आणि पुन्हा खाली बसून निंदायला लागले… तेव्हाच समजायला हवं होतं.

भावकीनं त्यांना जातीच्या घाटावर नेलं आणि अग्नी दिला. मंडळीतले सारे खांदा द्यायला आले होते, त्यांना वेशीवरच थांबवलं. मी थोरल्या मुलावर, नामदेववर, धावून गेलो. पुस्तकांतली, पत्रकांतली सारी वाक्यं त्याला ऐकवली. तो विहिरीच्या काठावर बसून होता. मी थांबल्यावर म्हणाला, "बाबानं मले दहा डाव सांगतलं होतं. भावकी मने, कागद दाखव. मी काय दाखवू, भाऊ? तुमचं पत्रक दाखवू?"

त्यानंतर मी एकही पत्रक छापलेलं नाही. थकवा आलाय, आणि तो कामाचा नव्हे.

मळ्याची वाटणी होणार आहे. नामदेवच्या धाकट्या भावांना तो कोपरा नांगरायचा आहे. रामदिन आणि ते चौघे अजून तिथंच आहेत. परवा मी त्या अजून कोऱ्याच असलेल्या दगडापाशी गेलो. त्यावर ओल्या मेथीची टोपली ठेवून नामदेवची बायको जुड्या बांधत होती. तिथंच बसून कागद लिहिला. ही जागा पादुकांच्या मंडळीची. इथं पाच जण पुरलेले आहेत. कोणी नांगरू नये. चौथ्या ओळीत मी मेल्यावर मलाही इथंच ठेवावं असं लिहिलं. खाली नामदेवनं आणि माणकचंदजींनी सही केली. टोपली रिकामी व्हायच्या आत काम झालं होतं. प्रस्तावना लागली नाही.

वाचकहो, हा अंक घडी घालून ठेवण्याआधी एक कागद घ्या. तुम्हाला कुठं आणि कोणाच्या खांद्यावरून जायचं आहे, ते दोन ओळींत लिहा. घरात कोणी म्हातारं माणूस असेल तर आधी त्याला विचारा, त्याचं लिहा. आणि तो कागद पेटीत ठेवू नका… तुमच्या नामदेवच्या हातात द्या.