उसना हात

डायलिसिसच्या खोलीत बायकोच्या उशाशी बसलो की माझी नजर हटकून समोरच्या पलंगाकडे जाते. तिथे सतरा वर्षांची सायली असते. तिच्या डाव्या हातात सुया टोचलेल्या असतात, त्यामुळे मशीन बंद होईपर्यंत तो हात हलवायचा नाही. शेजारच्या स्टुलावर तिचा मित्र ओंकार बसतो. त्याला जन्मापासून ऐकू येत नाही. त्याच्यासाठी ती खुणांची भाषा शिकली आहे.

पण त्या भाषेतल्या बऱ्याच शब्दांना दोन हात लागतात. मग सायली उजवा हात उचलते, आणि ओंकार आपला एक हात पुढे करून तिचा दुसरा हात होतो. अर्धा शब्द तिचा, अर्धा त्याचा. तिला काय म्हणायचंय ते त्याला आधी उमगावं लागतं, तेव्हा कुठे शब्द पुरा होतो. आम्ही नवरा-बायको इतकी वर्षं बोलतोय, ते मात्र एकमेकांचं वाक्य तोडतच.

आज ओंकार उशिरा आला. सायलीचा उजवा हात हवेत सपासप चालू लागला.

"अगं, डावा हलवू नकोस हं!" सिस्टर लांबूनच ओरडल्या.

"काय म्हणतेय हो ती?" बायकोने मला विचारलं.

"काय म्हणणार? शिव्या घालतेय त्याला."

ओंकार मान खाली घालून सगळं सोसत होता. मधूनच डोळे वर करून तिचा हात बघायचा, आणि प्रत्येक शिवीला इमानेइतबारे आपला हात जोडून द्यायचा.