मी पाहुण्यांच्या बाजूला अडकलो

मंडळी, आज कशेळ्याजवळच्या रिसॉर्टवर गेलो होतो. पाहुणे वायफायवर पिक्चर बघतात आणि ऑफिसचं बिलिंग अडकतं, म्हणून दोघांचं नेटवर्क वेगळं करायचं होतं. बिलिंगला स्वाती बसते. तिच्यावर माझा जीव, पण सांगायची हिंमत होत नव्हती.

शेताला बांध घालावा तसे नेटवर्कच्या एकाच स्विचमध्ये दोन व्हीलॅन, म्हणजे दोन वेगळे कप्पे केले: एक ऑफिसचा, एक पाहुण्यांचा. घाईत माझाच लॅपटॉप पाहुण्यांत टाकला! सेटिंग फक्त ऑफिसच्या बाजूनंच उघडतं, त्यामुळे स्विच मला आत घेईना. "पाहुण्यांतच अडकलो!" म्हणत भडकून टेबलावर हात आपटला.

स्वाती हसत म्हणाली, "पावनाच झालास की रं! मग रविवारी आईला घेऊन रीतसर घरी ये."

स्विच रिसेट करून पुन्हा सगळं लावलं. बिलिंग पळतंय, मी हवेत! बरं झालं कॉलेज अर्ध्यात सोडलं, नाहीतर ही चूक झालीच नसती.

आता पटकन सांगा, रविवारी शर्ट कुठला घालू?